गाभण सांगितलेली गाय रिकामी कशी निघाली?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझ्याकडे ११ दुभत्या गाई आहेत आणि गोठ्याचं सगळं मीच बघते. गेल्या दोन-तीन महिन्यांत लागोपाठ तीन फटके बसले. हरणी भरवल्यावर ३५व्या दिवशी गाभण ठरली, ७०व्या दिवशी पुन्हा तपासली तर रिकामी. मधल्या काळात रक्त नाही, घाण नाही, काही पडलेलं दिसलं नाही. चांदणी साडेपाच महिन्यांची गाभण होती, ती मागच्या आठवड्यात गाभडली. आदल्या दिवशी ती पाण्याच्या हौदापाशी घसरली होती, त्यामुळे घरात सगळे मलाच बोलतात की फरशी ओली ठेवलीस. वासरू मोठ्या मांजराएवढं होतं, कातडी हात लावताच सुटत होती. वार अडकली, ती मीच हात घालून सोडवली. अर्धी वार गोठ्यावरच्या कुत्र्यांनी ओढून नेली, बाकीचं मी उकिरड्यात पुरलं. तिसरी मोरी. तिला तीनदा भरवलं, दर २१ दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. रेत खराब असेल का? चाऱ्यात काही चुकतंय का? हरणीला व्याल्यावर वार अडकली होती आणि भरवल्यानंतर चाळिसाव्या दिवशी कासदाह झाला होता, पण तो पाच दिवसांत बरा झाला, त्यामुळे त्याचा संबंध नसावा. तिघींना विकून मोकळं व्हावं का?

उत्तर

ताई, गाईंचं नंतर बोलू. आधी तुमचं.

तुम्ही गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं सोडवलीत. चांदणीचा गाभ कशानं गेला हे अजून ठरलेलं नाही. पण जी कारणं असू शकतात, त्यात ब्रुसेला हा जंतू येतो आणि तो गाईकडून माणसाला होतो. गाभडलेल्या गाईची वार, तिच्या अंगावरून जाणारा स्राव आणि मेलेलं वासरू यांत तो अमाप असतो. हाताला बारीकशी चीर असली तरी पुरते. तेव्हा आजच तुमच्या डॉक्टरांना जाऊन सांगा की गाय गाभडली होती आणि मी वार हाताळली. पुढच्या काही आठवड्यांत, अगदी काही महिन्यांनीही, येऊन-जाऊन ताप, रात्री दरदरून घाम, सांधे आणि कंबर धरणं असं काही झालं तर हेच वाक्य पुन्हा सांगा. ते सांगितलं नाही तर साधा ताप समजून महिनोन्महिने औषधं चालतात. वेळेत कळलं तर औषधानं बरं होतं. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं त्या बाजूला फिरकू नये. दूध सगळ्यांनी उकळूनच प्यावं. धारा काढताना फेसाळ कच्चं दूध पिण्याची सवय कोणाला असेल तर ती आज बंद करा.

उकिरड्यात पुरलेलं तिथेच राहू देऊ नका. ओलसर, सावलीच्या जागी हा जंतू महिनोन्महिने तग धरतो आणि तेच खत उद्या शेतात जाणार. हातमोजे घालून, नाका-तोंडाला फडकं बांधून ते काढा, खोल खड्ड्यात टाका, वर चुना घाला आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही अशी माती ओढा. चांदणी उभी होती ती जागा धुऊन जंतुनाशक टाका. तिला इतर गाभण गाईंपासून वेगळी बांधा आणि तिच्या धारा सगळ्यात शेवटी काढा.

आता त्या घसरण्याबद्दल. ओल्या फरशीवर गाय पडून तिची कंबर मोडू शकते, म्हणून फरशी कोरडी आणि खरबरीत हवीच. पण पडल्यामुळे गाभ जाणं फार क्वचित घडतं. वासरू पाण्याच्या पिशवीत तरंगत असतं, गाईच्या भल्यामोठ्या पोटाच्या आत, आणि साध्या धक्क्याची झळ त्याच्यापर्यंत जात नाही. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट तर स्पष्टच बोलते. कातडी हात लावताच सुटत होती. वासरू पोटात मरून दोन-चार दिवस तरी झाले असले तरच असं होतं. आदल्या दिवशी धक्क्यानं गेलेलं वासरू ताजं निघालं असतं. म्हणजे चांदणी हौदापाशी घसरली त्याच्या आधीच ते पोटात गेलेलं होतं. घरात हे वाचून दाखवा. ज्या बाईनं ११ गाई सांभाळल्या तिच्यावर हा ठपका नको.

मग काय झालं असेल? पाचव्या-सहाव्या महिन्यात मेलेलं वासरू शिळं होऊन पडतं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा चार-पाच नावं येतात. ब्रुसेला, जो साधारण पाचव्या महिन्यानंतर गाभ पाडतो आणि मागे वार अडकवतो. लेप्टोस्पायरा, जो उंदरांच्या आणि लागण झालेल्या जनावरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून येतो. गाय आजारी पडून गेलेली असते आणि गाभ काही आठवड्यांनी पडतो, म्हणून दोन्हींचा संबंध कोणी लावत नाही. आयबीआर आणि बीव्हीडी हे दोन विषाणू. आणि निओस्पोरा, ज्याच्यासाठी मला तुमच्या पत्रातली कुत्री महत्त्वाची वाटतात.

निओस्पोरा हा परजीवी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. कुत्र्यानं गाभडलेली वार किंवा वासरू खाल्लं की त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा चाऱ्यात, पाण्यात मिसळली की गाय तो गिळते आणि गाभ बहुतेक करून पाचव्या-सहाव्या महिन्यात जातो. याहून वाईट म्हणजे लागण झालेली गाय तो पोटातल्या कालवडीला देते. कालवड धडधाकट जन्मते, मोठी होते आणि तिचाही गाभ जाऊ शकतो. आई, मुलगी, नात असा एकाच घराण्यात गाभ जात असेल तर मी आधी हेच तपासायला सांगतो. याला खात्रीचं औषध नाही. म्हणून वार कुत्र्याच्या तोंडी लागू न देणं आणि चाऱ्याच्या गंजीवर कुत्री बसू न देणं एवढंच आपल्या हातात उरतं. कुत्रं गोठ्याची राखण करतं हे मला मान्य आहे. राखण करू द्या, पण गव्हाणीपासून लांब.

खात्री रक्तानं होईल. आता लगेच चांदणीचं रक्त द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दोनदा यासाठी की काही आजारांत एका नमुन्यातून काही कळत नाही, दोन नमुन्यांत प्रमाण वाढलं तर कळतं. शिवाय ब्रुसेलाची तपासणी गाभडल्यावर लगेच केली तर कधी कधी खोटी निरोगी दाखवते. आणखी एखादी गाय गाभडली तर वासरू आणि वारेचा तुकडा दोन्ही बर्फात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळं नीट पाठवूनही निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडत नाही. तरी पाठवा, कारण ब्रुसेला नाही हे कळणंही तुमच्या घरासाठी मोठं आहे.

कालवडींना ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. ती जिवंत लस आहे. गाभण गाईला ती देऊ नये आणि टोचणाऱ्यानंही हातमोजे घालावेत.

आता हरणी. ताई, तिच्या बाबतीत उत्तर तुम्हीच लिहिलं आहे आणि तुम्हीच ते खोडलं आहे. "कासदाह पाच दिवसांत बरा झाला, त्यामुळे संबंध नसावा." माझा अंदाज नेमका उलटा आहे.

गाभ पोटात टिकतो तो अंडाशयावरच्या पीतपिंडाच्या जोरावर. हा पिवळसर गोळा प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवत राहतो आणि तेच गर्भाशयाला शांत ठेवतं. गाय माजावर आणायला आपण जे प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतो, ते हाच पीतपिंड मोडतं. आणि कासदाहात काय होतं? सडातून जंतू आत जातात, त्यांचं विष रक्तात उतरतं, गाय तापते आणि सूज आली की शरीर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. म्हणजे ज्या औषधानं आपण गाभ पाडू शकतो, तेच आजारी गाईच्या अंगात आपोआप तयार होतं. गाभाच्या पहिल्या ४५ दिवसांत कासदाह झालेल्या गाईंचा गाभ पुढच्या तीन महिन्यांत जाण्याचा धोका इतर गाईंच्या जवळजवळ पावणेतीन पट असल्याचं अभ्यासात दिसलं आहे. हरणीला चाळिसाव्या दिवशी झाला होता. दूध पाच दिवसांत स्वच्छ झालं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, पण पोटातल्या जिवानं ते पाच दिवस काढले नसावेत.

काही पडलेलं का दिसलं नाही, तेही सांगतो. चाळिसाव्या दिवशी गर्भ बोटाच्या एका पेराएवढा असतो. तो मेला की बराचसा आतल्या आत जिरतो, उरलेलं शेणा-मुताबरोबर कधी निघून गेलं ते कळतही नाही. गाय चरते, रवंथ करते, दूध देते. ३५व्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांची चूक झाली असंच बहुतेकांना वाटतं, पण तुमच्या डॉक्टरांवर शंका घेऊ नका. चांगल्या दुधाच्या गाईंत ३०व्या दिवशी गाभण निघालेल्या शंभरातल्या दहा-बारा गाई ६०व्या दिवसापर्यंत रिकाम्या होतात. म्हणून पहिली तपासणी महिन्या-सव्वा महिन्यानं झाली तरी ६० ते ७० दिवसांनी दुसरी हवीच, आणि आटवताना तिसरी. तुम्ही दुसरी केलीत म्हणून हे ७०व्या दिवशी कळलं. अनेकांना सातव्या महिन्यात कळतं, जेव्हा कास उतरतच नाही.

हरणीची दुसरी खूण तुम्ही सहज जाता जाता लिहिली आहे. व्याल्यावर वार अडकली होती. या एका गोष्टीकडे गोठ्यात सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. वार २४ तासांत पडली नाही तर गर्भाशयात जंतू घर करतात. ताप, वास येणारा लाल-तपकिरी स्राव, पुढे पू. औषधानं गाय बरी होते, पण ते गर्भाशय आणि ती गाय पूर्वपदावर यायला फार दिवस लागतात. शिवाय आज जे अंड सुटतं ते आज तयार झालेलं नसतं. त्याची वाढ अंडाशयात तीन-चार महिने आधी सुरू झालेली असते. व्याल्यावर गाय तापली, उपाशी राहिली, खंगली, तर ते अंड त्या सगळ्यातून गेलेलं असतं. दोन महिन्यांनी तेच फळतं आणि कमकुवत गर्भ धरतो. धरतो, पण टिकत नाही.

वार हातानं ओढून काढू नका, ताई. कितीही वाटलं तरी नाही. ओढल्यानं गर्भाशयाच्या गाठी सोलल्या जातात, रक्त जातं आणि जंतूंना वाट मिळते. लोंबणारा भाग कापून टाकायचा, रोज सकाळी ताप मोजायचा, आणि ताप चढला किंवा गाय खाईनाशी झाली की डॉक्टरांना बोलवायचं. गाईचा ताप साधारण ३८.५ अंश सेल्सियस असतो, ३९.५ च्या वर गेला तर वाट बघू नका. साधा तापमापक गोठ्यात टांगलेला असावा. व्याल्यावरचे पहिले दहा दिवस तो रोज वापरला तर पुढचे कितीतरी त्रास तिथेच पकडता येतात.

गाय व्याल्यावर किती उतरते तेही बघा. दूध चढतं आणि भूक मागे राहते, त्यामुळे प्रत्येक गाय थोडी अंगावरची चरबी मोडते. पण गाय किती अंगावर आहे ते मोजायच्या १ ते ५ गुणांच्या मापात पहिल्याच महिन्यात एक गुण उतरली, म्हणजे फऱ्याजवळची हाडं टोकदार झाली, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी खळगे पडले, तर तिचा पुढचा गाभ धोक्यात असतो. आणि जास्त उतरतात त्या बहुतेक वेळा व्यायच्या वेळी फार लठ्ठ असलेल्या गाई. त्या व्याल्यावर कमी खातात, चरबी रक्तात येते, यकृत थकतं, किटोसिस नावाचा आजार होतो. व्यायला टेकलेली गाय तीन ते साडेतीन गुणांवर असावी. भाकड काळात लाडानं जास्त खुराक देऊ नका. दुग्धज्वर, वार अडकणं, गर्भाशयाचा दाह, किटोसिस, कासदाह ही एकमेकांच्या हाताला धरून येणारी मंडळी आहेत. एक आली की दुसरीला वाट मोकळी होते, आणि जितके आजार एका वेतात साठतात तितका पुढचा गाभ टिकणं अवघड. लंगडी गायही यातच धरा. दुखऱ्या खुरावर उभी राहणारी गाय गव्हाणीशी कमी वेळ थांबते, कमी खाते आणि खंगते.

मोरीचं जरा वेगळं आहे. ती बरोबर २१ दिवसांनी उलटते, म्हणजे एकतर अंड फळतच नाही, किंवा फळून पहिल्या पंधरवड्यातच मरतं. बऱ्याच गाईंत दुसरं खरं असतं. फळलेला गर्भ चार-पाच दिवसांत गर्भाशयात उतरतो, बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत बारीक गोळीएवढा असतो आणि मग दोन-तीन दिवसांत दोऱ्यासारखा लांबतो. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत त्यानं आईला सांगावा धाडायचा असतो की मी आहे, पीतपिंड मोडू नकोस. इंटरफेरॉन टाऊ नावाच्या प्रथिनातून तो हे सांगतो. गर्भ मागे पडला, छोटा राहिला, तर सांगावा वेळेवर पोचत नाही. गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड मोडतो, गाय माजावर येते. आपण म्हणतो, राहिलीच नाही. राहिली होती, पण कळवू शकली नाही.

म्हणून चौथ्यांदा भरवण्याआधी मोरीचा सोट, म्हणजे माजावर असताना गळणारा चिकट स्राव, नीट बघा. तळहातावर घेऊन उजेडात धरा. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा हवा. त्यात पांढरी-पिवळी कणी किंवा भुरकट रेघ दिसली तर त्या माजाला भरवू नका, गर्भाशय तपासून घ्या. सोट स्वच्छ असेल तर वेळ तपासा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कडक उन्हाळ्यात भरवत असाल तर पहिले तीन दिवस तिला जपा, कारण गर्भ त्या दिवसांत उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो. सावली, वारा, अंगावर पाणी, प्यायला गार पाणी. रेताच्या एखाद्या मात्रेत दोष असू शकतो, पण तेच रेत इतर गाईंना लागू पडत असेल तर रेताचा पिच्छा सोडा. वळूकडे पाठवत असाल तर मात्र सांगा, कारण ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन जंतू वळूकडून गाईत येतात आणि नेमके असेच लवकरचे गाभ खातात.

चाऱ्याबद्दल थोडक्यात. बुरशी लागलेला कडबा किंवा मूरघास गाभण गाईला घालू नका. बुरशीनं वार जाड, चामड्यासारखी होते आणि गाभ पडतो. खराब मूरघासातून लिस्टेरिया हा गाभ पाडणारा जंतूही येतो. खनिज मिश्रण रोज द्या. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर वार अडकण्याचं प्रमाण वाढतं. गोचिडांचा बंदोबस्त हवा, कारण गोचीडतापात चढणारा ताप हाही गाभ पाडणारा आहे.

एक गोष्ट मात्र थांबून सांगावीशी वाटते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मालकानं सांगितलं, गाय रिकामी आहे, माजावर येत नाही, इंजेक्शन द्या. मी हात घालून न तपासता प्रोस्टाग्लँडिन दिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बादलीत उंदराएवढं वासरू आणून दाखवलं. साधारण दोन महिन्यांचं. ती गाय मी गाभडवली होती. तेव्हापासून तपासल्याशिवाय ते इंजेक्शन माझ्या हातून गेलेलं नाही, आणि तुमच्या गोठ्यातही जाऊ देऊ नका. तीच गोष्ट भरवण्याची. शंभरातल्या तीन ते पाच गाई गाभण असूनही माज दाखवतात. अशा गाईत नळी आत गेली की गाभ जाऊ शकतो. भरवून महिना उलटून गेल्यावर एखादी माज दाखवू लागली तर आधी तपासा, मग ठरवा. उशिराच्या गाभणीत स्टेरॉइडचं इंजेक्शनही तसंच. त्यानं गाय अकाली विते.

कोणी "गाभ टिकवायचं" इंजेक्शन सुचवेल. प्रोजेस्टेरॉन देऊन कासदाह, गर्भाशयाचा दाह किंवा ब्रुसेला जात नाही. माझं मत विचाराल तर तो पैसा सडांसाठी धार काढल्यानंतरच्या जंतुनाशक बुडवणीवर घाला. आणि गाभण गाईला तापाचा कासदाह झाला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, ती किती दिवसांची गाभण आहे ते सांगा आणि प्रतिजैविकासोबत ताप-सूज उतरवणारं औषध द्यायचं का ते विचारा.

विकण्याबद्दल. हरणीला विकायचं कारण मला दिसत नाही. तिला अंगावर येऊ द्या, कास आणि गर्भाशय तपासून घ्या, मगच भरवा. मोरीला तपासणीनंतर आणखी दोन संधी द्या. चांदणीला मात्र रक्ताचे दोन्ही निकाल येईपर्यंत गोठ्याबाहेर काढू नका, कोणी कितीही भाव देऊ केला तरी. ब्रुसेला निघाला तर ती ज्याच्या दावणीला जाईल त्याच्या गाभण गाई आणि त्याच्या घरातली माणसं दोन्ही धोक्यात येतील. आणि तिच्या पोटच्या कालवडी तुमच्याकडे असतील तर त्यांचंही रक्त त्याच दिवशी द्या.